ज्याचा आराखडा, त्याच्या हाती

सामाजिक काळजी सेवांमध्ये, म्हणजे वृद्धांना, अपंगांना, बौद्धिक अक्षमता किंवा दीर्घ मानसिक आजार असलेल्यांना रोजच्या जगण्यात मदत पुरवणाऱ्या यंत्रणांमध्ये, कागदी फायलींच्या जागी डिजिटल सहाय्य आराखडे यावेत की नाही, हा वाद गेली काही वर्षे अनेक देशांत चालू आहे आणि तो फार वाईट रीतीने घातला जात आहे. एक पक्ष सांगतो की वेळ वाचेल, नोंदी हरवणार नाहीत, चुका ताबडतोब दिसतील. दुसरा पक्ष म्हणतो की मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यामध्ये पडदा येईल आणि माणुसकी चौकटीत खुणा करण्यापुरती उरेल. पहिल्याच्या बोलण्याला विक्रेत्याच्या माहितीपत्रकाचा वास येतो. दुसऱ्याच्या बोलण्यात कधीच अस्तित्वात नसलेल्या भूतकाळाची ओढ आहे. माझे मत असे की आराखडे डिजिटल व्हावेत आणि लवकर व्हावेत, पण एका अटीवर. ज्या व्यक्तीसाठी आराखडा आहे तिला तो उघडता आला पाहिजे, कळला पाहिजे, त्यात स्वतःचे म्हणणे घालता आले पाहिजे आणि इतरांनी लिहिलेल्यावर हरकत नोंदवता आली पाहिजे. ही अट पुढेमागे जोडायची सोय नव्हे. ती पाळली गेली नाही तर डिजिटल आराखडा म्हणजे जुनीच बंद फाईल, फक्त अधिक वेगाने फिरणारी. आणि वेग न्यायाइतकाच अन्यायाच्याही कामी येतो.

सहाय्य आराखडा हा दिसायला साधा दस्तऐवज असतो. कोणत्या कामात किती मदत लागते, अंथरुणातून उठवताना कोणत्या बाजूने आधार द्यायचा, ती व्यक्ती कशाने घाबरते, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचे, आणि या सगळ्यापलीकडे तिला स्वतःला काय करायचे आहे, हे त्यात लिहिलेले असते. रात्रपाळीला अचानक आलेला बदली कर्मचारी तिला ओळखत नसतो. तो जे वाचेल त्यावर तिची ती रात्र ठरते. म्हणूनच इंग्लंडच्या २०१४ च्या केअर ॲक्टने असा आराखडा करताना त्या व्यक्तीला सामील करून घेणे, तिच्याशी सहमतीला येण्यासाठी शक्य ते सर्व प्रयत्न करणे आणि आराखड्याची प्रत तिला देणे ही स्थानिक प्रशासनाची कायदेशीर जबाबदारी ठरवली. कायद्याला हे स्पष्ट शब्दांत लिहावे लागले, यातच बरेच काही आले.

कारण कागदाच्या काळात फाईल कोणाची होती? १८६९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने मदत मागणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करून त्याची नोंद ठेवण्याची पद्धत रुजवली, आणि आधुनिक समाजकार्यातील ‘केस’ ही कल्पना बरीचशी तिथून आली. अर्जदार मदतीस पात्र आहे की नाही, हे त्या नोंदीवरून ठरे, आणि ठरवणारे दुसरेच असत. पुढे शतकभर ही रचना फारशी बदलली नाही. लिव्हरपूलमध्ये बालपण सरकारी देखभालीखाली काढलेल्या ग्रॅहम गॅस्किन यांनी मोठेपणी आपली फाईल मागितली, तेव्हा ती त्यांना पूर्ण मिळाली नाही. तीत लिहिणाऱ्या अनेकांनी गोपनीयतेच्या आधारावर नकार दिला. स्वतःच्या बालपणाविषयी माहिती मिळवण्याचा तो एक प्रमुख मार्ग होता. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि १९८९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की लिहिणाऱ्याने संमती नाकारल्यावर अंतिम निवाडा करणारी स्वतंत्र यंत्रणाच नसणे, हा खाजगी आणि कौटुंबिक आयुष्याच्या हक्काचा भंग आहे. ज्यांना कागदी फाईल माणुसकीची वाटते, त्यांनी हे प्रकरण नीट पाहावे. तिथे मध्ये कोणताही संगणक नव्हता. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली दुसऱ्याकडे होती, एवढेच.

तरीही विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा झटकून टाकता येत नाही, आणि तो आहे वेळेचा. व्हिक्टोरिया क्लिंबिए या आठ वर्षांच्या मुलीचा २००० मध्ये लंडनमध्ये छळामुळे मृत्यू झाला. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालाने २००३ मध्ये दाखवून दिले की तिच्याविषयीची माहिती वेगवेगळ्या संस्थांत विखुरलेली होती आणि तिला वाचवण्याच्या अनेक संधी हातच्या गेल्या होत्या. त्यानंतरच्या सुधारणांच्या ओघात बालसंरक्षणाच्या कामासाठी ‘इंटिग्रेटेड चिल्ड्रन्स सिस्टिम’ ही संगणकीय नोंदप्रणाली आली. तिचा हेतू निर्दोष होता, पण प्रत्यक्षात लांबलचक अर्ज, ठरावीक रकाने आणि मुदतींचे गजर यांत समाजसेवक अडकले. २०११ मध्ये प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी बालसंरक्षण व्यवस्थेचा जो आढावा सादर केला, त्याचा रोख हाच होता: यंत्रणा प्रक्रिया पाळली गेली की नाही हे तपासण्यात इतकी गुंतली आहे की मुलाला मदत झाली की नाही, हा प्रश्न मागे पडला आहे. माहिती विखुरली म्हणून मूल गेले, आणि माहिती एकत्र करण्याच्या नादात मुलाला भेटायला वेळ उरला नाही. हा विरोधाभास डिजिटलच्या समर्थकांनी पुरेसा गंभीरपणे घेतलेला नाही.

पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? मन्रो यांनी संगणक फेकून द्या असे सांगितले नव्हते. त्या व्यवस्थेत बिघाड झाला तो एका ठरावीक जागी: रकाने वरिष्ठांच्या, तपासनिसांच्या आणि आकडेवारी मागणाऱ्या खात्यांच्या सोयीने आखले गेले. जो भरतो त्याचा त्यात उपयोग नाही, ज्याच्याविषयी भरले जाते त्याला ते दिसतही नाही, आणि जो मागतो तो कधी त्या घरात जात नाही. अशी रचना कागदावर केली तरी तितकीच वाईट ठरेल. कागदावर ती फक्त आपल्याच वजनाखाली लवकर दबली असती. संगणकाचा दोष असेल तर तो हा की नवा रकाना वाढवण्याचा खर्च त्याने जवळजवळ शून्यावर आणला. हा दोष लहान नाही.

वाचक कोण, यावर दस्तऐवजाचे रूप कसे ठरते याचे स्वच्छ उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे २०१६ च्या ‘ट्वेन्टीफर्स्ट सेंच्युरी क्युअर्स ॲक्ट’ने मेडिकेडमधून, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून, मिळणाऱ्या वैयक्तिक देखभालीच्या घरभेटींची इलेक्ट्रॉनिक पडताळणी बंधनकारक केली. प्रत्येक भेटीच्या सहा गोष्टी नोंदवल्या गेल्याच पाहिजेत: सेवेचा प्रकार, सेवा घेणारी व्यक्ती, तारीख, ठिकाण, सेवा देणारी व्यक्ती, आणि सुरुवातीची व शेवटची वेळ. सार्वजनिक पैशाच्या हिशेबासाठी या सहा गोष्टी हव्यातच, आणि न झालेल्या भेटींची बिले लावणाऱ्यांना आळा घालणे हे सेवा घेणाऱ्यांच्याही हिताचे आहे. मात्र या सहांत सातवी गोष्ट नाही: सेवा घेणाऱ्या व्यक्तीला जे हवे होते ते झाले का? ठिकाणाची नोंद सक्तीची झाल्यावर अपंगांच्या संघटनांनी विचारले की मदतनीस सोबत घेऊन आम्ही घराबाहेर पडलो तर ती हालचालही यंत्रणेला कळणार का. ज्या मदतीचा हेतूच मोकळेपणाने वावरता यावे हा आहे, तिच्याच नोंदीने वावरण्यावर पहारा बसावा, हे विचित्र आहे. अशा पडताळणीला आराखड्याचा भाग मानणे ही चूक आहे. ती बिलाची पावती आहे आणि तिने पावतीच राहावे.

याहून गंभीर प्रकार म्हणजे आराखड्यातील माहिती परस्पर निर्णयात बदलणे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात घरी राहून मदत घेणाऱ्यांना आठवड्याला किती तास मिळावेत हे पूर्वी परिचारिका आपल्या मूल्यमापनावरून ठरवत. २०१६ मध्ये तिथे संगणकीय सूत्र आले आणि अनेकांचे तास एकाएकी घटले. प्रकृतीत काहीच सुधारणा झालेली नसताना. का, हे परिचारिकांनाही सांगता येईना. प्रकरण न्यायालयात गेल्यावर उघड झाले की सेरेब्रल पाल्सी (मेंदूशी निगडित, हालचालींवर परिणाम करणारी अक्षमता) आणि मधुमेह यांच्याशी संबंधित बाबी सूत्रात नीट उतरलेल्याच नव्हत्या. नियम बदलताना लोकांना पुरेशी सूचना दिली नाही, या कारणाने २०१८ मध्ये राज्यातील न्यायालयाने ती पद्धत थांबवली. इथे विरोधक म्हणतील, पाहा, आम्ही हेच सांगत होतो. पण चूक सापडली कशी? लोकांनी विचारले, वकिलांनी सूत्र उघडायला लावले, आणि कोणत्या उत्तरामुळे किती तास गेले याचा माग काढता आला. परिचारिकेच्या मनातला पूर्वग्रह असा उघडून दाखवता आला नसता. कोणाला तास जास्त मिळाले आणि कोणाला कमी, यामागे तिची दया होती, थकवा होता की नावड, हे कोणत्याही न्यायालयाला मोजता आले नसते. म्हणून मी सूत्राच्या बाजूने नाही, पण ते तपासता येते या गुणाच्या बाजूने आहे. अट पुन्हा तीच: तपासण्याचा हक्क ज्याचे तास कापले गेले त्याला, खटला न लढता, पहिल्या दिवसापासून असला पाहिजे.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य करावा लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये आरोग्य आणि काळजी सेवांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. यंत्रणा बंद पडल्या, कर्मचारी पेन-कागदावर आले. पुढे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणावर देखरेख करणाऱ्या तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाच्या चौकशीत दिसले की ७९,४०४ व्यक्तींची माहिती चोरली गेली आणि त्यांपैकी घरी मदत घेणाऱ्या ८९० जणांच्या घरात प्रवेश कसा करायचा याचे तपशीलही तीत होते. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीला ३० लाख पौंडांहून अधिक दंड झाला. त्याआधी, २०२० मध्ये, फिनलंडमध्ये वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या साखळीतून आधी चोरलेल्या नोंदी वापरून गुन्हेगारांनी रुग्णांना एकेकटे गाठून पैसे मागितले. कागदी फाईल गहाळ झाली तर एकाचे नुकसान होते. इथे एका निष्काळजी लॉगिनमुळे हजारो घरांची दारे उघडी पडतात. हा फरक केवळ प्रमाणाचा आहे असे म्हणून मोकळे होता येणार नाही. याला माझे उत्तर अर्धेच आहे: आराखड्यात जे लागते तेवढेच ठेवावे, दाराच्या किल्लीची माहिती आणि आयुष्याची कहाणी एकाच कप्प्यात ठेवू नये, यंत्रणा बंद पडली तर रात्र निभावेल इतका कागद प्रत्येक ठिकाणी छापलेला असावा, आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून माहिती साठवण्याची सवय मोडावी. एवढे करूनही धोका उरतो. तो पत्करायचा तर मोबदल्यात त्या व्यक्तीला काहीतरी मिळाले पाहिजे, आणि आज बहुतेक हिशेबांत मोबदला संस्थेला व धोका त्या व्यक्तीला अशी वाटणी झालेली दिसते.

मोबदला कोणता, हे सांगताना समर्थक फारच कोती कल्पनाशक्ती दाखवतात. वेळ वाचतो, इतकेच ते पुन्हा पुन्हा सांगतात. वाचलेला वेळ जातो कुठे, हे विचारले की बहुधा शांतता पसरते, कारण तो पुढच्या भेटीत नाहीतर नव्या रकान्यांत गेलेला असतो. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या ब्युर्टझॉर्ग या घरपोच परिचर्या संस्थेने वेगळा मार्ग घेतला: बाराच्या आसपास परिचारिकांचे स्वयंशासित गट, वर व्यवस्थापकांची उतरंड नाही, आणि संगणकप्रणाली त्या गटांच्या रोजच्या कामासाठी घडवलेली. वाचलेला वेळ हिरावून दुसरीकडे वळवायला तिथे वर कोणी बसलेलेच नाही. पण वेळेपेक्षाही मोठी गोष्ट वेगळी आहे. डिजिटल आराखड्याला असे काही जमते जे कागदाला कधीच जमले नसते. गिळण्याचा त्रास असलेल्यांसाठी अन्न व द्रवांच्या घट्टपणाची ० ते ७ अशी आठ पातळ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी वापरली जाते. संध्याकाळी तज्ज्ञाने पातळी बदलली आणि कागद फायलीत राहिला, तर सकाळी जुनाच घास पुढे येतो, आणि त्याने जीव गुदमरू शकतो. बदल केल्याक्षणी तो स्वयंपाक करणाऱ्यापासून भरवणाऱ्यापर्यंत सगळ्यांना दिसणे, ही चैनीची सुविधा नव्हे.

आणि शब्दांपलीकडचे तर कागदाला कधीच पेलले नाही. बोलू न शकणारी एखादी व्यक्ती नकार कसा देते? मान वळवून, हाताची मूठ घट्ट करून, श्वास रोखून. ‘सहकार्य करत नाही’ असे तिच्या कागदी फाईलमध्ये लिहिलेले असते. तोच नकार अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत, तिच्या बहिणीच्या किंवा जुन्या मदतनिसाच्या आवाजातल्या दोन वाक्यांसह असेल, तर नवा कर्मचारी पहिल्याच दिवशी थांबायला शिकतो. डिजिटल आराखडे वृद्धांना आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांना बाहेर ठेवतील, हा आक्षेप मी इथे थोडासा उलटा करू इच्छितो. लिखित कागदाने त्यांना आधीच बाहेर ठेवले होते. चित्रे, आवाज, मोठी अक्षरे, सोपी भाषा, डोळ्यांच्या हालचालीने चालणारी साधने यांमुळे प्रथमच असा आराखडा शक्य झाला आहे ज्यात वाचू न येणारी व्यक्तीही आपली बाजू मांडू शकेल. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने कलम १२ मध्ये म्हटले आहे की कायदेशीर क्षमता वापरण्यासाठी लागणारा आधार मिळवून देणे ही राज्यांची जबाबदारी आहे; ‘तिला समजत नाही’ म्हणून तिच्या वतीने ठरवून टाकण्याचा सोपा रस्ता हा करार मोकळा ठेवत नाही. अर्थात ज्यांच्याकडे उपकरण नाही, जोडणी नाही किंवा ज्यांना ते नकोच आहे, त्यांना छापील प्रत आणि समोर बसून बोलणारा माणूस मिळालाच पाहिजे, आणि तेही कमी दर्जाची सेवा म्हणून नव्हे.

व्यावसायिकांची एक भीती उरते, ती सहसा दबक्या आवाजात बोलली जाते. सगळे लिहिलेले त्या व्यक्तीला दिसणार असेल तर आम्ही मोकळेपणाने लिहू कसे? हीच भीती डॉक्टरांनी व्यक्त केली होती. २०१० मध्ये अमेरिकेत ‘ओपननोट्स’ हा प्रयोग तीन ठिकाणी सुरू झाला, शंभराहून अधिक डॉक्टरांनी आपली टिपणे रुग्णांना ऑनलाइन खुली केली, आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांपैकी ९९ टक्क्यांना ही पद्धत चालू राहावी असे वाटले आणि प्रयोग संपल्यावर एकाही डॉक्टरने ती बंद केली नाही. काही डॉक्टरांनी लिहिण्याची भाषा बदलली, हे खरे. पण समोरच्याला वाचून दाखवता येणार नाही असे वाक्य त्याच्या आयुष्याविषयी कायमचे नोंदवून ठेवण्याचा हक्क आपल्याला नेमका कोणी दिला? अपवाद आहेत आणि ते मी मान्य करतो. घरातल्याच कोणाकडून छळ होत असल्याची शंका, तिसऱ्या व्यक्तीने जिवाच्या भीतीने दिलेली माहिती, किंवा पासवर्ड हातात ठेवून बसलेला दबाव आणणारा नातेवाईक, अशा ठिकाणी काही भाग झाकावा लागेल. मग तो झाकला आहे एवढे तरी नोंदवलेले असावे, त्याचे कारण स्वतंत्र व्यक्तीला तपासता यावे. गॅस्किन प्रकरणात न्यायालयाने नेमकी हीच यंत्रणा नाही म्हणून ठपका ठेवला होता. दुसऱ्या दिशेने पाहण्याची सोयही अशक्य नाही. एस्टोनियात नागरिकाला आपली आरोग्यविषयक माहिती कोणी उघडून पाहिली हे स्वतः पाहता येते. संस्था व्यक्तीवर लक्ष ठेवते तसे व्यक्तीला संस्थेवर ठेवता आले, तर विश्वासाची भाषा थोडी कमी वापरली तरी चालेल.

हे सगळे तत्त्व म्हणून मान्य करायला कोणाचीच ना नसते. अडते ते खरेदीच्या वेळी. प्रणाली विकत घेते संस्था, पैसे देते प्रशासन, प्रात्यक्षिक पाहतात व्यवस्थापक, आणि जी व्यक्ती पुढची दहा वर्षे त्या आराखड्यात राहणार आहे ती त्या खोलीत नसते. म्हणून माझा आग्रह करारातल्या अटींवर आहे. सेवा घेणाऱ्यांचे प्रतिनिधी निवड समितीत, मतदानाच्या हक्कासह असावेत. व्यक्तीने नोंदवलेली हरकत मूळ नोंदीशेजारी, तितक्याच ठळकपणे दिसावी. उत्तर देणाऱ्याचे नाव व तारीख आल्याशिवाय ती मिटवता येऊ नये. व्यक्तीने संस्था बदलली किंवा कंपनी बुडाली तर आराखडा वाचता येईल अशा रूपात तिच्यासोबत जावा. वैयक्तिक आराखड्यातली माहिती तास किंवा पैसे ठरवणाऱ्या सूत्रात जाणार असेल, तर कोणते उत्तर कुठे मोजले गेले हे तिला त्याच पडद्यावर दिसावे. प्रात्यक्षिकात विक्रेता आधी व्यवस्थापकाचा डॅशबोर्ड उघडतो, रंगीत आलेख दाखवतो. त्याला तिथेच थांबवून सांगावे की सेवा घेणाऱ्या व्यक्तीचे लॉगिन आधी दाखवा, आणि तिला एखादे वाक्य पटले नाही तर ती कुठे दाबते तेही दाखवा. ‘ती सोय पुढच्या आवृत्तीत येणार आहे’ असे उत्तर मिळाले, तर सहीदेखील पुढच्या आवृत्तीपर्यंत राखून ठेवावी.